नागपुरातल्या घरातली कसर : आधी ओल शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ताबा घेऊन दोन वर्षं झाली. रात्री बाथरूमचा दिवा लावला की चंदेरी, वळवळत पळणारे किडे दिसतात. बेडरूमच्या भिंतीतल्या आलमारीत वडिलांची पुस्तकं आहेत. वडील शिक्षक होते, आता नाहीत. त्या पुस्तकांचे पुठ्ठे आणि कडा कुरतडलेल्या दिसू लागल्या आहेत. दोनदा पेस्ट कंट्रोल करून झालं, पण महिना-दीड महिन्यात किडे परत आले. घरात दोन वर्षांचं लेकरू असल्यामुळं आता फवारणीचीच भीती वाटते. हे किडे कोणते, आणि यांचा कायमचा बंदोबस्त कसा करायचा?

ताई, नागपुरात पेस्ट कंट्रोलचं काम करताना मला २२ वर्षं झाली. तुम्ही लिहिलंय त्यावरून ही कसरच आहे, इंग्रजीत जिला सिल्व्हरफिश म्हणतात ती. फवारणी दोनदा वाया गेली यात मला नवल वाटत नाही. तुमच्या चिठ्ठीत एक ओळ अशी आहे की ती वाचल्याबरोबर मला अर्धं उत्तर मिळालं : 'आलमारीच्या मागं बाथरूम आहे.' कसर ओलीवर जगते. ओल तशीच ठेवून कितीही औषध मारलं तरी ती परत येणार, कारण तिला हवं ते सगळं तुमच्या त्या भिंतीत तयार आहे. म्हणून औषधाचं मी शेवटी सांगतो.

आधी ओळख पक्की करू. आज रात्री ११ नंतर, सगळे दिवे बंद करून अर्धा तास झाला की हातात टॉर्च घेऊन बाथरूममध्ये जा. दार हळू उघडा आणि उजेड एकदम जमिनीलगतच्या कोपऱ्यात टाका. कसर असेल तर ती सरळ पळत नाही. अंग डावीकडं-उजवीकडं वळवत, मासोळीसारखी सरकत फटीत शिरते. लांबी बोटाच्या पेराच्या निम्मी, म्हणजे साधारण एक ते दीड सेंटीमीटर. पुढं रुंद, मागं निमुळती होत गेलेली, गाजरासारखी. पंख नाहीत. डोक्याला दोन लांब मिशा आणि शेपटाकडं तीन लांब केस. हे तीन केस तिची सगळ्यात पक्की खूण. एखादी बोटाखाली दाबली गेली तर बोटावर चांदीच्या वर्खासारखी भुकटी उरते, ते तिचे खवले. पिल्लं आईसारखीच दिसतात, फक्त लहान आणि पांढुरकी, त्यांच्या अंगावर खवले नंतर येतात.

हिच्याच कुळातली एक करडी, जास्त केसाळ आणि लांब शेपटीची जात असते. ती तुलनेनं कोरड्या घरातही टिकते. दुसरी एक ठिपक्यांची जात उष्णतेवर वाढते. ती बेकरीच्या भट्टीमागं नाही तर गरम पाण्याच्या पाइपांजवळ सापडते. घरगुती बंदोबस्त तिघींचा बहुतेक सारखाच, करडीला मात्र वेळ जास्त लागतो.

सकाळी कोरड्या बादलीत किंवा बेसिनमध्ये एखादी अडकलेली दिसते आणि लोकांना वाटतं, ही नाल्यातून वर आली. मग ते जाळीत ॲसिड ओततात. ती खालून आलेली नसते. रात्री पाण्याच्या ओढीनं फिरताना आत पडते, आणि गुळगुळीत भिंतीवर तिचे पाय टिकत नाहीत म्हणून बाहेर निघता येत नाही. तिची ही कमजोरी पुढं आपल्या कामाला येणार आहे.

दुसऱ्याच किड्याला कसर समजून भलताच उपाय करणारे मला दर हंगामात भेटतात. भिंतीवर भोपळ्याच्या बीसारखी चपटी, करड्या रंगाची पिशवी चिकटलेली असते आणि तिच्यातून अळी डोकं काढते, ती कसर नाही. ती एका लहान पतंगाची अळी आहे. जाळी-धूळ काढली की ती कमी होते. पुस्तकाला आरपार, सुईनं टोचल्यासारखं गोल भोक असेल आणि खाली बारीक भुकटी पडत असेल तर तो भुंगेऱ्याचा किडा आहे, तो कागदाच्या आत बोगदा करतो. जुन्या वहीत टाचणीच्या टोकाएवढे, फिकट, भुरभुर पळणारे जीव दिसले तर त्या पुस्तकातल्या उवा. त्या बुरशी खातात, म्हणजे तिथंही ओल आहेच. लोकरीच्या शालीला भोकं पडली असतील तर बहुतेक वेळा पतंगाची किंवा केसाळ भुंगेऱ्याची अळी असते. आणि पुस्तकाच्या मागं मातीचा पापुद्रा दिसला तर ती वाळवी. आपल्या इकडं शेतकरी तिला उधई म्हणतात. त्या दिवशी हे सगळं बाजूला ठेवून आधी वाळवीचं बघा, तिचं काम वेगळं आणि तातडीचं असतं.

कसरीचं खाणं मात्र वरवरचं असतं. वडिलांचं एखादं कापडी बांधणीचं पुस्तक खिडकीजवळ न्या आणि पुठ्ठा तिरका धरून बघा. रंग ठिकठिकाणी खरवडल्यासारखा गेलेला दिसेल, नकाशातल्या बेटांसारखे वेडेवाकडे फिके डाग. पानांच्या कडा दातेरी. कागद काही ठिकाणी इतका पातळ की उजेड पलीकडून दिसतो. पाठीच्या शिवणीत नखानं हलकेच उकरलं तर बारीक मिरपुडीसारखे काळे कण निघतील, ती तिची विष्ठा. कधी पिवळट डाग, कधी टाकलेली पारदर्शक कात. यातलं बरंचसं एकत्र दिसलं की शंका ठेवू नका.

ती पुस्तकच का धरते? तिला हवा असतो स्टार्च. जुन्या बांधणीत मैद्याची खळ असते, गुळगुळीत कागदावर स्टार्चचा हात फिरवलेला असतो, जुन्या फोटोंच्या वरच्या थरात जिलेटिन असतं. कांजी केलेली सुती साडी, धोतर, कडक इस्त्रीचा सदरा हेही तिच्या आवडीचं. कागदातला सेल्युलोजही ती पचवू शकते. इतकंच काय, गळालेले केस, अंगावरचा कोंडा, मेलेलं झुरळ, यावरही तिचं भागतं. म्हणून 'घरात खायला काही ठेवलंच नाही' या उपायानं ती मरत नाही, आणि उपाशीही ती कित्येक महिने काढते.

माणसाला ती चावत नाही, रोग पसरवत नाही. तिच्या खवल्यांच्या धुळीनं काहींना शिंका किंवा दम्याचा त्रास वाढू शकतो, तेवढं सोडलं तर लेकराला तिच्यापासून धोका नाही. लेकराला धोका असलाच तर तो आपण घाबरून मारलेल्या औषधाचा. हे मी पेस्ट कंट्रोलवाला असून सांगतोय, आणि मनापासून सांगतोय.

तिच्या आयुष्याचं गणित समजलं की तुमची फवारणी का फसली तेही समजेल. झुरळासारखी ती भराभर वाढत नाही. मादी थोडी थोडी अंडी देते, तीही फटीत, चौकटीच्या मागं, पुठ्ठ्याच्या घडीत. अंडी फुटायला दोन आठवडे ते दोन महिने लागतात. एक कसर दोन-तीन वर्षं सहज जगते, काही त्याहून कितीतरी जास्त. मोठी झाल्यावरही ती आयुष्यभर कात टाकत राहते. आता बघा, फवारणीवाला येतो, भिंतीच्या कडेनं पंप फिरवतो, अर्ध्या तासात जातो. बाहेर फिरणाऱ्या मरतात. फटीत खोल बसलेल्या वाचतात, अंड्यांना तर काहीच होत नाही. दीड महिन्यात पिल्लं बाहेर आली की तुम्हाला वाटतं किडे परत आले. ते कुठं गेलेच नव्हते. मात्र ती हळू वाढते याचा एक फायदाही आहे : तिचं ओलीचं ठिकाण एकदा सुकवलं की संख्या भरून काढायला तिला फार वेळ लागतो, आणि तेवढ्यात ती संपते.

आता नागपूरचं. बाहेरगावचे लोक म्हणतात, तुमचं तर कोरडं हवामान, ४५ अंशांचं ऊन, तिथं ओलीचा किडा कसा? मुंबई-कोकणात कसर पावसाळ्यात वाढते हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडं तिचे दोन हंगाम आहेत आणि पहिला आपण स्वतः तयार करतो, कूलरनं. होळी झाली की कूलर खाली उतरतो, नव्या ताट्या, म्हणजे बाजूंचे पाणी धरणारे गवताचे पडदे, बसतात, आणि पाऊस येईपर्यंत तो दिवसरात्र चालतो. मी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, नेहमी बॅगेत ठेवतो. मे महिन्यात दुपारी बाल्कनीत तो २० टक्क्यांच्या आसपास दाखवतो, आणि त्याच घरात, दार-खिडक्या लावून कूलर चालू असलेल्या खोलीत ७० च्या वर. कसरीला ७५ ते ९५ टक्के आर्द्रता आणि २२ ते २७ अंश तापमान सगळ्यात मानवतं. बाहेर ती तडफडून मेली असती, पण कूलरच्या खोलीत आपण तिला थंड आणि दमट घर करून देतो. त्यात भर म्हणून आलमारीचं दार तीन महिने बंद. मग जूनच्या मध्याला पाऊस लागतो आणि ओल थेट सप्टेंबरपर्यंत राहते. म्हणजे मार्च ते सप्टेंबर, सलग सात महिने. पोळ्याच्या दिवसांत माझा फोन सगळ्यात जास्त वाजतो. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं नेतात त्या पुतळ्याच्या, मागं सगळं नागपूर 'इडा-पिडा घेऊन जा गे मारबत' म्हणत असतं, तेव्हा घरोघरच्या आलमारीत कसर भरात असते.

कूलर बंद करा असं मी सांगणार नाही, नागपुरात मे महिन्यात ते शक्य नाही. पण तो नीट चालवा. कूलरच्या समोरची खिडकी किंवा दार निदान वीतभर उघडं पाहिजे. आलेली ओली हवा बाहेर गेली पाहिजे, नाही तर गारवाही मिळत नाही आणि भिंती ओल धरतात. पहाटे तासभर पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, खिडक्या उघडा, पहाटेची कोरडी हवा आत येऊ द्या. कूलर पुस्तकांच्या खोलीत लावू नका. दुसरा इलाज नसेल तर त्याचा झोत तरी आलमारीवर येऊ देऊ नका. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून पुसून कोरडी करा, डेंग्यूच्या डासांसाठीही ते लागतंच. आणि पावसाळा लागल्यावर ताट्या काढून फेकून द्या. ओलसर ताट्यांसकट कूलर सज्जावर किंवा दिवाणाशेजारी ठेवलेला मी कित्येक घरांत पाहिलाय, आणि त्या ताट्या झटकल्या की खाली पडणाऱ्या कसरीही.

तुमच्या घरात मात्र कूलरपेक्षाही मोठा संशय मला त्या भिंतीवर आहे. नव्या बांधकामातलं प्लास्टर आणि काँक्रीट वर्ष-दीड वर्ष ओल सोडत राहतं. त्यावर लगेच प्लायवूडची आलमारी ठोकली की मागची ओल कोंडते. आणि पलीकडं बाथरूम असेल तर फरशीच्या सांध्यांतून, शॉवरच्या भिंतीतून, पुरलेल्या पाइपातून पाणी झिरपत असू शकतं. हे तपासायला पैसे लागत नाहीत. आलमारी रिकामी करून मागच्या भिंतीचा उघडा भाग मिळतो का बघा. मागं प्लाय असेल तर सुतार बोलावून खालच्या कोपऱ्यात हातभर तुकडा काढून घ्या. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फुटाचा तुकडा भिंतीवर लावा, चारही कडा चिकटपट्टीनं बंद करा, दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडं, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. आत कोरडं आणि बाहेरून दमट असेल तर दोष खोलीच्या हवेचा. पहिलं निघालं तर प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला बोलवा, मला नंतर बोलवा. दुसरं निघालं तर कूलर, खिडकी, बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा यांनी काम होईल.

बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा हा फार दुर्लक्षित उपाय आहे. आंघोळ झाल्यावर वीस मिनिटं तो चालवा, जमिनीवरचं पाणी वायपरनं ओढून घ्या, रात्री झोपण्याआधी पायपुसणं बाहेर वाळत टाका. कसर रात्री निघते, तेव्हा तिला जमीन कोरडी मिळाली पाहिजे. घरातली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली काही आठवडे सतत राहिली तर चंदेरी कसर नीट वाढूच शकत नाही. नागपुरात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा कोरडी होत जाते, तेव्हा हे सोपं जातं. आपल्याला बाकीचे महिने सांभाळायचे आहेत. आलमारीत ओल शोषणारे डबे ठेवत असाल तर त्यात जमणारं पाणी लेकराच्या हाती लागणार नाही असे, वरच्या खणात ठेवा. बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या चिमूटभर पुड्यांनी आलमारीत काही होत नाही.

ओलीचं काम चालू असतानाच मोजणी सुरू करा. काचेची रिकामी बरणी घ्या, मुरब्ब्याची किंवा लोणच्याची, धुऊन कोरडी केलेली. बाहेरून कागदी चिकटपट्टी पूर्ण गुंडाळा, म्हणजे तिला चढायला खरखरीत पृष्ठभाग मिळेल. आत चमचाभर कणीक किंवा पोळीचा वाळका तुकडा टाका. अशा चार बरण्या करा : एक आलमारीत, एक बाथरूमच्या दाराआड, एक स्वयंपाकघरात सिंकखाली, एक जिथं पुठ्ठ्याची खोकी ठेवली आहेत तिथं. ती बाहेरून चढते, आत उतरते, आणि आतल्या गुळगुळीत काचेवरून वर येऊ शकत नाही. रोज सकाळी मोजा आणि कॅलेंडरवर आकडा लिहा. कुठल्या बरणीत जास्त सापडतात, तिथं त्यांचं घर. माझ्या अनुभवात, घरच्या लोकांना वाटतं तिथं ते क्वचितच असतं. धरमपेठेतल्या एका जुन्या घरात सगळे बाथरूमला दोष देत होते, आणि बरणी भरली ती देवघरामागं. तिथं वर्षानुवर्षांच्या पत्रिका, पंचांगं आणि लग्नाच्या आहेराचे खोके रचून ठेवलेले होते, आणि मागून पावसाळी पाइपाची ओल येत होती.

खोक्यांचं वेगळं सांगतो. ऑनलाइन सामानाची पन्हाळी पुठ्ठ्याची खोकी 'कामी येतील' म्हणून सज्जावर ठेवू नका. त्या पुठ्ठ्याच्या थरांमध्ये स्टार्चचा गोंद असतो, आणि गोदामातून कसर किंवा तिची अंडी त्याच घड्यांतून घरी येतात. सामान काढलं की खोकं त्याच दिवशी बाहेर. वर्तमानपत्राची रद्दी महिनाभरापेक्षा जास्त साठवू नका, आणि आलमारीच्या खणात पेपर अंथरायचं बंद करा. वाळवणाचे डबे, म्हणजे कुरडया, शेवया, सरगुंडे, साबुदाण्याच्या पापड्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीला गाठ मारून ठेवलेलं वाळवण तिच्यासाठी उघडंच आहे.

आता वडिलांची पुस्तकं. घाईत सगळी झटकू नका. एकेक बाहेर काढा, वरची कड खाली करून मऊ ब्रशनं बाल्कनीत झटका, शिवणीतले कण काढा. मग वाळवायची. आपल्या आया-आज्या एप्रिल-मे महिन्यात वाळवण घालायच्या, त्याच दिवसांत पुस्तकंही वाळवा : कोरड्या वाऱ्यात, सावलीत, पानं पंख्यासारखी उघडून, उभी ठेवून. थेट उन्हात नको. आपल्या उन्हात कागद लवकर पिवळा पडतो, बांधणीचा गोंद तडकतो. गाद्या, दुलया, जाड कपडे मात्र खुशाल भर उन्हात टाका, ती उष्णता कसर सहन करू शकत नाही. पावसाळा संपल्यावर दसऱ्याला पाटी-पुस्तकांची पूजा होते. त्या निमित्तानं वर्षातून दुसऱ्यांदा सगळी पुस्तकं हातात घेऊन बघा, तोवर हवाही कोरडी झालेली असते.

जी पुस्तकं जास्त खाल्लेली आहेत आणि ज्यांत अंडी असण्याची शंका आहे, त्यांना गोठवण्याचा उपाय विषाशिवायचा आणि खात्रीचा आहे. पुस्तक आधी कोरडं असलं पाहिजे. ते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, चिकटपट्टीनं बंद करा. उणे १८ अंश किंवा त्याखाली जाणाऱ्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. साध्या एक दाराच्या फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड होत नाही, त्याच्या भरवशावर राहू नका. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेर सुटू द्यायचं, पुस्तकावर नाही. फोटो, रंगवलेली चित्रं आणि काचेच्या चौकटी फ्रीजरमध्ये घालू नका. फोटो चौकटीतून काढून, मागचा जुना पुठ्ठा फेकून, नव्या स्वच्छ कागदात ठेवा आणि भिंतीला टेकवण्याऐवजी मागं बूच किंवा रबराची छोटी टिकली लावून हवेला जागा द्या.

पुस्तकं परत ठेवताना आलमारीच्या मागच्या भिंतीपासून दोन बोटं अंतर सोडा, खालचा खण रिकामा ठेवा आणि दारांना वरखाली जाळीची भोकं पाडून घ्या. फटी बंद करा : चौखटीभोवतीच्या, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या पायाशी लावलेल्या फरशीच्या पट्टीच्या) मागच्या, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथल्या. पांढरं सिमेंट किंवा सिलिकॉन चालेल. मात्र हे ओल सुकल्यावरच करा. ओली भिंत बंद केली तर पाणी दुसरी वाट शोधतं.

इतकं केल्यावर औषध. घरी वापरायला मी बोरिक पावडर सांगतो, पण नीट ऐका. कॅरमवर टाकतात ती पावडर कधी बोरिकची असते, कधी नुसत्या स्टार्चची. स्टार्चची आणलीत तर कसरीला जेवण वाढल्यासारखं होईल. डब्यावर बोरिक ॲसिड लिहिलेलंच घ्या. कोरड्या जुन्या ब्रशनं फटीच्या आत, आलमारीच्या मागच्या पोकळीत, स्कर्टिंगच्या मागं इतका पातळ हात फिरवा की जेमतेम दिसेल. ढीग घातला तर ती वळसा घालून जाते. हे पोटात गेलं तर लेकराला विषारी आहे, म्हणून उघड्या जमिनीवर, खालच्या खणात, खेळण्यांजवळ एक कणही नको. पावडर घातल्यावर ती फट बंद करता आली तर उत्तम. डायटोमेशियस अर्थ नावाची पावडरही मिळते, ती किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर काढून त्याला सुकवते. पण ओलीत ती निकामी, आणि फवारताना श्वासात जाऊ द्यायची नाही.

परत पेस्ट कंट्रोल करायचंच असेल तर परवानाधारक माणूसच बोलवा. कीटकनाशके अधिनियम १९६८ आणि त्याखालच्या नियमांप्रमाणे या कामाला परवाना लागतो, तो दाखवायला सांगायला संकोच करू नका. त्याला तीन गोष्टी विचारा : औषधाचं नाव काय, कुठं मारणार, दुसरी फेरी कधी. सगळ्या घरात पंप फिरवतो म्हणाला तर नको म्हणा. फटीत बारीक नळीनं, आणि फक्त बरण्यांनी दाखवलेल्या जागी. दुसरी फेरी दोन-तीन आठवड्यांनी, म्हणजे अंड्यांतून निघालेली पिल्लं सापडतात. लेकरू असलेल्या घरात मी स्वतः फवारणीपेक्षा जेलचे ठिपके पसंत करतो. इंडोक्साकार्बचं जेल, ज्वारीच्या दाण्याहूनही लहान ठिपके, बिजागरीच्या आत, सिंकच्या मागं, आलमारीच्या वरच्या कोपऱ्यात. हे जेल मुळात झुरळांसाठी येतं, पण करड्या कसरीवरही ते चांगलं चालतं. घरात मांजर किंवा माशांची टाकी असेल तर फवारणीवाल्याला आधी सांगा. नेहमीची पायरेथ्रॉइड औषधं त्या दोघांना माणसापेक्षा खूप जास्त बाधतात.

आता ज्या गोष्टी मी हात जोडून नको म्हणतो. डांबर गोळ्या. आजही बाळाची कुंची-झबली डांबर गोळ्यांच्या पेटीतून काढून तशीच घालतात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळात या वाफेनं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात आणि तीव्र कावीळ होते. बाळाला ही कमतरता आहे की नाही, हे पालकांना बहुतेक वेळा माहीतच नसतं. लेकराच्या घरात डांबर गोळ्या ठेवू नका. दुसरी गोष्ट, धान्यात टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या. यांतून निघणाऱ्या वायूनं बंद घरात झोपलेली माणसं दगावतात, शेजारच्या खोलीतलीसुद्धा. आलमारीत, दिवाणात, सज्जावर, कुठंच नको. आणि तिसरी, गावाकडून आणलेलं शेतीचं औषध. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उघड्या शेतात जे माणसाला मारतं ते बंद फ्लॅटमध्ये किडे मारायला वापरायचं नसतं.

कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंग, कापूर याबद्दल सगळे विचारतात. यांच्या वासानं ती थोडी दूर राहते, मरत नाही. चालेल, पण निंबाचा पाला पूर्ण वाळवून, मलमलच्या पिशवीत. ओला पाला पुस्तकात ठेवला तर त्याचीच ओल आणि डाग.

ताई, बरण्यांचा आकडा पहिल्या आठवड्यात वाढेल, घाबरू नका, जागा हलवल्यानं लपलेल्या बाहेर येतात. भिंत सुकवली असेल तर सहा आठवड्यांत तो निम्म्याच्या खाली यायला हवा, आणि तीन-चार महिन्यांत बरण्या बहुतेक रिकाम्या. आला नाही तर औषध बदलू नका, प्लास्टिकचा तुकडा पुन्हा भिंतीवर लावा. आणि वडिलांच्या हाताच्या टिपणांची पुस्तकं किंवा वह्या त्यात असतील तर त्यांची पानं आजच मोबाइलनं फोटो काढून ठेवा, सावकाश, एका वेळी एक वही. बाकी सगळं दुरुस्त होतं, ते अक्षर गेलं तर परत येत नाही.